मोजून उरलेली नाणी

अमेरिकेत म्हणे अशी काही माणसं आहेत, जी किराणा घ्यायला दुकानात शिरतात आणि आधी दाराजवळच्या हिरव्या यंत्रापुढे वाकतात. त्या वाकण्यात भक्तिभाव नसतो, पण दुरून बघणाऱ्याला तसाच भास व्हावा. यंत्राचं नाव कॉइनस्टार. जेन्स मोल्बाक नावाच्या स्टॅनफर्डच्या एका विद्यार्थ्याला घरात साठत गेलेल्या चिल्लरीचं काय करावं, असा प्रश्न पडला. आपल्यालाही तो पडतो, पण आपण बरणीचं झाकण लावून मोकळे होतो. त्याने झाकण लावलं नाही, आणि १९९२ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या दुकानांत ही यंत्रं उभी राहिली. वरच्या पसरट तोंडात बरणीभर नाणी ओतायची. ती खडखडत, घसरत, एकेक करून आतल्या परीक्षकासमोरून जातात. व्यास किती, धातू कुठला, हे डोळ्याचं पातं लवायच्या आत ठरतं. यंत्र बेरीज करतं, आपली दलाली कापून घेतं आणि पावती हाती ठेवतं. परीक्षेत जे नाणं बसत नाही, ते मात्र खालच्या एका लहानशा ताटलीत टपकन पडतं. पावती मिळालेला माणूस ताटलीकडे बघत नाही. हिशेब मिळाला की माणसाचं कुतूहल संपतं. मग त्याच्या मागून ही वाकणारी माणसं येतात.

ताटलीत असतं काय? कॅनडाचं एखादं सेंट, खेळघरातलं टोकन, वाकलेलं पेनी. आणि कधी कधी १९६४ सालचं किंवा त्याच्याही आधीचं एखादं डाइम. त्या सालापर्यंत अमेरिकेचं डाइम आणि क्वार्टर नव्वद टक्के चांदीचं असे. १९६५ पासून तांबं आणि निकेल आलं. यंत्राची ओळख झाली ती या नव्या मंडळींशी. चांदीतून वीज वेगळ्या चालीने जाते, त्यामुळे चांदीचं नाणं समोर आलं की यंत्र गोंधळतं आणि त्याला खाली टाकून देतं. म्हणजे नाणं खोटं आहे म्हणून नाही, तर जरा जास्तच खरं आहे म्हणून नापास. न्यू जर्सीत राहणारा माझा पुतण्या अधूनमधून या ताटल्या चाचपतो. पगार त्याचा भरपूर आहे, पण दहा सेंटांचं एक काळपट नाणं तळहातावर ठेवून त्याने फोटो पाठवला, तेव्हा चेहऱ्यावर जो आनंद होता तो पगारवाढीच्या बातमीच्या वेळी नव्हता. ‘काका, लोकांनी सोडून दिलेलं!’ असं त्याने खाली लिहिलं होतं. फुकट मिळाल्यापेक्षाही कुणीतरी सोडून दिल्याचा आनंद मोठा असतो. रस्त्यावर पडलेलं मोरपीस आणि दुकानातून आणलेलं मोरपीस यांत जो फरक, तोच हा.

आमच्या जव्हारला असं यंत्र नाही, आणि मोखाड्याला ते येण्याची घाई कुणालाच नाही. आमच्याकडे मोजायचं यंत्र म्हणजे मास्तर. जनगणना मास्तरने करायची, मतदानाच्या दिवशी बोटांना शाई मास्तरने लावायची, शाळेबाहेरची मुलं मास्तरने शोधायची. सरकारला जे जे मोजावंसं वाटतं ते ते शेवटी मास्तरच्या वहीत येऊन पडतं. मग गावाने तरी मागे का राहावं? जव्हार-मोखाड्याच्या वाटेवरच्या एका गावात गावदेवीचं देऊळ आहे. पत्र्याचं छप्पर, शेंदराने मऊ झालेली देवी आणि तिच्यापुढे कुलूपबंद स्टीलची दानपेटी. ती पेटी उघडायची ठरली की मला निरोप येतो. ‘गुरुजी, तुम्ही असलात म्हणजे बरं.’ हे माझ्या सचोटीचं प्रशस्तिपत्र असावं, असं मानायला मला आवडतं. कमिटीतल्या एका म्हाताऱ्याने मात्र खरं कारण सांगून टाकलं. बेरीज चुकली तर बाहेरगावच्या माणसावर ढकलता येते आणि गावातल्या गावात भांडण होत नाही.

मोजणीचा मुहूर्त बहुधा शिमग्यानंतरचा. इकडचं वर्ष पंचांगापेक्षा पोटावर चालतं. भात कापून झालं, नागली-वरई घरात आली, की अर्धे पाडे रिकामे होतात. उचल घेतलेली कुटुंबं भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, पोरंबाळं, भांडी आणि कोंबड्यांसकट. होळीला मात्र माणूस असेल तिथून परत येतो. मग मोखाड्यात बोहाडा रंगतो. गणपती येतो, शारदा येते, रावण येतो. मुखवट्याआडचा माणूस ओळखीचा असूनही बायका त्याला ओवाळतात, आणि संबळाच्या तालावर रात्र अशी काही पुढे सरकते, की उजाडलं तरी कुणाला उठवत नाही. या दिवसांत हातात जरा पैसा खेळतो. त्यातला चिमूटभर देवीच्या पेटीत पडतो. पेटी उपडी केली की सतरंजीवर जी रास होते, तिच्यात म्हणूनच वीटभट्टीची लालसर धूळ असते, कुंकू असतं, तेल असतं. बोटं काळी होतात आणि सुगंधी राहतात.

मोजायची आमची रीत साधी. आधी रुपये, दोन, पाच आणि दहा असे ढीग करायचे. मग दहा-दहांच्या चळती लावायच्या. चळती रांगेत उभ्या राहिल्या, की सगळ्यांना उगाचच श्रीमंत वाटू लागतं आणि नेमकं तेव्हाच कुणाचं तरी पोर मधून पळत जातं. पुन्हा पहिल्यापासून. नव्या रुपयांची चळत सरळ राहते. जुन्या-नव्या नाण्यांची मिसळ झाली की ती झुकते, कारण एकाच किमतीची नाणी आपल्या सरकारने इतक्या जाडीची आणि आकारांची काढली आहेत, की एका चळतीत तीन पिढ्यांचं एकत्र कुटुंब नांदत असतं. मधल्या काळात मी चोरून एक उद्योग करतो. नाण्यावरच्या सालाखाली बघतो. तिथे बारीक चौकट असेल तर नाणं मुंबईच्या टांकसाळीतलं, चांदणी असेल तर हैदराबादचं, टिंब असेल तर नोएडाचं. कलकत्त्याची टांकसाळ काहीच खूण ठेवत नाही. थोरल्या घरच्या माणसाने कार्ड न छापावं, तसा तिचा बाणा. एवढं बघेपर्यंत बाकीच्यांच्या चार चळती होतात. कमिटीचे अध्यक्ष म्हणतात, ‘गुरुजी नाणी मोजत नाहीत, वाचतात.’

वाचण्यासारखं त्यांत असतंच. १९९९ साली सरकारने रुपयावर ज्ञानेश्वर महाराज आणले आणि दोन रुपयांवर छत्रपती शिवाजी महाराज. अमेरिकेतल्या ताटलीत जे वगळलं जातं ते मौल्यवान. इथे नेमकं उलटं होतं. ज्ञानोबा कुठल्याही परीक्षेत नापास होत नाहीत. ते मुकाट्याने रुपयांच्या ढिगात मिसळून जातात आणि बाकीच्या नऊ रुपयांबरोबर बँकेच्या पिशवीत उतरतात. त्यांना चळतीतून काढून घ्यायचं म्हणजे सर्वांसमक्ष खिशातला दुसरा रुपया आधी त्या जागी ठेवायचा, आणि मग यांना उचलायचं. असा व्यवहार मी करतो तेव्हा सतरंजीभोवती क्षणभर शांतता पसरते. रुपया देऊन रुपया घेणाऱ्या माणसात काहीतरी बिघाड आहे एवढं सर्वांना कळतं, पण तो धोकादायक नसावा, असंही वाटतं.

सगळं मोजून झालं की सतरंजीच्या कोपऱ्यात एक लहानसा ढीग उरतो. हीच आमची ताटली. त्यात गेंड्याचं चित्र असलेली पावली असते, अॅल्युमिनियमचं षट्कोनी वीस पैशांचं नाणं असतं, झालरीच्या कडांचं दहा पैशांचं असतं. एखाद्या वर्षी तीन पैशांचंही निघतं. १९६४ पासून काही वर्षं हे तीन पैसे निघत असत. तीनच का, हे विचारण्याइतकी उसंत त्या काळात कुणाला नसावी. इतकी हलकी ही नाणी, की फुंकर मारली तर सतरंजीवरून सरकावीत. त्यांच्या सोबतीला परकी मंडळीही असतात. नेपाळचा एखादा रुपया. अरबी अक्षरांचं, बहुधा कुणाच्या तरी आखाती भावजीने आणलेलं नाणं. चौकोनी भोकाचं, लाल फीत बांधलेलं चिनी नाणं तर दरवर्षी. दाभोसा धबधबा बघायला येणाऱ्या शहरी गाड्यांच्या आरशाला ही नाणी लटकत असतात. घरात लक्ष्मी यावी म्हणून विकत घेतलेलं चिनी नाणं शेवटी लक्ष्मीच्याच पेटीत टाकून कुणीतरी गेलं, तेव्हा त्या लक्ष्मीने काय समजायचं? शर्टाची बटणं असतात. आणि एकदा सायकलच्या कुलपाची किल्ली निघाली होती. सायकल हरवली म्हणून किल्ली देवीला दिली, की किल्ली देवीला दिली म्हणून सायकल चालवायची सोय उरली नाही, यावर दुपारभर खल झाला. सायकलवाला पुढे आला नाही.

हे कोण टाकतं, असं विचारायचं नसतं. ३० जून २०११ पासून पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी सरकारने बाद केली. ते परिपत्रक बँकांना गेलं, दुकानदारांना कळलं, एसटीच्या कंडक्टरांना तर आधीच कळलं असावं. पण देवीला कुणी कळवलंच नाही. त्यामुळे बाजारात नाकारलेली पावली घरी परत येते, देवळीत काही दिवस पडून राहते आणि एके दिवशी तिला सर्वांत सहनशील ग्राहक सापडतो. टाकणाऱ्याच्या मनात फसवणूक नसते. जे कुठेच चालत नाही ते इथे चालेल, असा एक जुना विश्वास असतो. तो चुकीचा आहे असं देवीने आजवर दर्शवलेलं नाही.

या उरलेल्या ढिगाचं काय करायचं, याची चर्चा मात्र दरवर्षी नव्याने होते, जणू गेल्या वर्षी ती झालीच नव्हती. भंगारवाल्याला द्यावीत असं एक मत पडतं. देवीचा पैसा भंगारात, या शब्दांनीच ते मत मागे घेतलं जातं. वितळवून घंटा करावी असं एक तरुण सुचवतो. त्यावर थोरल्या कमिटीवाल्याने दिलेलं उत्तर मला फार आवडलं. ‘अॅल्युमिनमची घंटा वाजवलीस तर देवी म्हणेल, कुणाची पंगत बसली वाटतं.’ शेवटी म्हातारे लोक जे करायचं तेच करतात. मोजलेली रक्कम गाठोड्यात बांधून झाली, पेटी पुसून जागेवर गेली, की हा कोपऱ्यातला ढीग ओंजळीने उचलून परत तिच्या तोंडातून आत सोडतात. कारण विचारलं तर सांगतात, की रिकाम्या पेटीत पैसा टाकायला माणूस लाजतो. तळाला आधीच कुणीतरी असलं, की वरून पडणाऱ्याला सोबत मिळते आणि आवाजही भरीव येतो. अशा रीतीने चलनातून बडतर्फ झालेल्या या मंडळींना गावदेवीकडे कायमची नोकरी लागली आहे. एका कडेला चपटा झालेला तो गेंडा मला आता ओळखतो, असं कधी कधी वाटतं.

यंत्राला जमणार नाही अशी नापसंती मात्र आमच्या बाजाराकडे भरपूर आहे. दहा रुपयांचं नाणं घ्या. त्याचे तोवर निघालेले चौदाही नमुने खरे आहेत, असं रिझर्व्ह बँकेला जानेवारी २०१८ मध्ये जाहीर करावं लागलं, कारण देशभर लोकांनी त्या नाण्यावरच्या रेषा मोजायला सुरुवात केली होती. दहा रेषांचं खरं, पंधरा रेषांचं खोटं, रुपयाची नवी खूण असलेलं खरं, नसलेलं संशयित, असं एक संपूर्ण शास्त्र कुणी न शिकवता गावोगाव पसरलं. ते शास्त्र घाट चढून आमच्याकडेही आलं. करवंदं विकायला बसलेल्या एका बाईला मी दहाचं नाणं दिलं, तर तिने ते उन्हात धरून पाहिलं आणि परत माझ्या हातावर ठेवलं. मी मोबाईल काढून रिझर्व्ह बँकेचं म्हणणं तिला वाचून दाखवलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग अतिशय कनवाळूपणे म्हणाली, ‘गुरुजी, बँक येणार आहे का माझ्याकडून करवंदं घ्यायला?’ अर्थशास्त्रावरची जाड पुस्तकं ज्या प्रश्नाभोवती घुटमळतात, तो प्रश्न पळसाच्या पानाच्या द्रोणासकट तिने माझ्यापुढे ठेवला होता. मी नोट दिली.

नाकारलेल्या नाण्याची गंमत आम्हाला पहिल्यांदा दाखवली ती रुपयाच्या फोनने. एसटी स्टँडजवळच्या टपऱ्यांवर ते डबे लटकत असत. रुपया टाकला, समोरच्याने उचललं नाही, की रुपया खालच्या खाचेत परत. घाईतला माणूस शिव्या घालत निघून जाई आणि रुपया तिथेच राही. शाळा सुटल्यावर पोरांचं एक टोळकं या खाचांतून बोट फिरवत स्टँडभर हिंडायचं. सापडलेल्या रुपयाच्या लिमलेटच्या गोळ्या येत. कुणाचा तरी कुणाशी तरी न झालेला संवाद पोरं चघळत असत.

आणि सापडण्याची आशा तर या मातीतच आहे. १६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराजांनी सुरत लुटली. त्या वाटेवर ते जव्हारजवळच्या शिरपामाळावर थांबले आणि तिथे राजे विक्रमशहा मुकण्यांनी त्यांना शिरपेच दिला, असं इथे प्रत्येक जण सांगतो. माळावर आज पाटी आहे, बसायला जागा आहे, सूर्यास्त आहे. पण गावात अशी माणसं भेटतात, की ज्यांना सूर्यास्तापेक्षा खालच्या जमिनीत जास्त रस असतो. एवढी लूट घोड्यांवर लादलेली, वाट दगडाधोंड्यांची, एखादी पिशवी उसवली नसेल कशावरून? साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या त्या न उसवलेल्या पिशवीतलं नाणं शोधत कुदळीने कुणी कुणी काय काय खणलं आहे, ते पावसाळ्यात खड्ड्यांतून पाणी साठलं की दिसतं. मुकण्यांच्या मूळपुरुषाचीच गोष्ट घ्या ना. जयबांनी बैलाच्या एका कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली, आणि मग त्या कातड्याच्या बारीक वाद्या कापून त्यांनी अख्खा मुलूख वेढला, अशी दंतकथा आहे. मोजणाऱ्याच्या नजरेतून निसटायचं कसं, याचं शिक्षण या संस्थानाला पहिल्या दिवसापासून होतं. १९४८ साली संस्थान विलीन झालं तेव्हा सगळ्याची यादी झाली असेल. ती मोजून काय उरलं असेल, असा एक चाळा मला अजून लागतो.

खोडाळ्याहून कसाऱ्याकडे निघालं की वैतरणा ओलांडावी लागते. पूल आला की गाडीतली म्हातारी माणसं हात जोडतात आणि खिडकीतून एखादं नाणं सोडतात. ही नदी पुढे धरणांमधून थांबत थांबत मुंबईच्या नळांना जाते. नदीच्या दोन्ही काठांवरच्या पाड्यांत उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात आणि पूल ओलांडताना नदीला पैसे देतात, हे एखाद्या हिशेबनीसाला समजावून सांगणं अवघड आहे. मुंबईच्या कुठल्याही नळातून आजवर नाणं पडल्याचं ऐकिवात नाही.

पण मी जिला या सगळ्या प्रांतातली सर्वांत मोठी ताटली समजतो, ती एका आजीच्या गळ्यात होती. खोडाळ्याच्या अलीकडे एका पाड्यावर तिचं घर. तिचा नातू माझ्या वर्गात होता. तो शाळेत यायचा बंद झाला की मी जायचो, आणि तो परत येऊ लागला तरी जायचो. काळ्या दोऱ्यात ओवलेली नाण्यांची माळ ती कधी काढत नसे. पहिल्या नजरेला ती माळ नुसतीच जुनी वाटे. हळूहळू तिच्यातली माणसं वेगळी दिसू लागली. मधोमध राणीछाप रुपया होता, व्हिक्टोरियाचा चेहरा झिजून एखाद्या शेजारणीचा झालेला. त्याच्या दोन्ही बाजूंना पंचम जॉर्ज. असा एक कलदार रुपया ११.६६ ग्रॅमचा, आणि बारा भागांतले अकरा भाग चांदी. १९४० साली ब्रिटिशांनी युद्धाच्या ओढगस्तीत ती चांदी निम्म्यावर आणली, आणि १९४७ चा वाघाचं चित्र असलेला रुपया आला तो नुसत्या निकेलचा. सोनारांना हे सगळं कागदावरून ठाऊक नसे. ते रुपया दगडावर वाजवत आणि सन सांगत.

रुपयांच्या पुढे भोकाचे पैसे होते, १९४३ पासूनचे. युद्धात धातू पुरेना म्हणून सरकारने पैशाच्या मधोमध वाटोळं भोक पाडून तो हलका केला. कुठे कुठे लोकांनी तो नट-बोल्टाखाली चकती म्हणून वापरला, असं सांगतात. इथल्या बायकांना मात्र तो आयता मणी मिळाला. लोकांची सोय डोळ्यांपुढे ठेवून कुठल्या सरकारने काही केलं असेल तर ते हे, आणि तेही नकळत. त्याच्याही पुढे कमळाचं पिवळं वीस पैशांचं नाणं होतं, १९६८ ते १९७१ या काळातलं. त्यात सोनं आहे अशी तेव्हा आवई होती आणि कितीतरी घरांत ते देव्हाऱ्यात जाऊन बसलं होतं. आणि कडेकडेने गेंड्याच्या पावल्या, दहा पैसे, षट्कोनी वीस पैसे. माळ मधे भारदस्त आणि टोकांना हलकी होत गेलेली, ताना घेत घेत गायकाचा दम संपत जावा तशी.

मला वाटलं होतं की जशी नाणी मिळत गेली तशी माळ वाढत गेली असेल. एकदा तिने बोट ठेवून ठेवून सांगितलं तेव्हा उलगडलं, की माळ वाढली नव्हती, ती बदलली होती. सगळी आधी रुपयांचीच होती, सासूकडून आलेली. एका पावसाळ्यात दाणा संपला तेव्हा कडेचा एक रुपया गेला. मोठ्या मुलाच्या दवाखान्याला दोन गेले. एकदा वीटभट्टीची उचल फिटली नाही तेव्हा एक. सोनार रुपया काढून घेई आणि दोरा बांधून परत देई. ‘पण माळ अखूड दिसली तर लोक विचारतात,’ ती म्हणाली. म्हणून जो रुपया जाई त्याच्या जागी त्या वेळी घरात असेल ते नाणं भोक पाडून ओवलं जाई. आषाढाच्या जागी पावली. दवाखान्याच्या जागी वीस पैशांची जोडी. बाहेरच्याला माळ भरलेलीच दिसे. इतकी वर्षं तिच्या गळ्यात घरची हिशेबवही होती आणि बघणारे तिला दागिना समजत होते. सांगताना ती रडली वगैरे नाही. उलट मधल्या तीन रुपयांवर हात ठेवून म्हणाली, ‘ही मात्र दिली नाही,’ आणि त्यात मॅच जिंकलेल्या पोराची मिजास होती.

नाशिकला माझ्या ओळखीचे एक संग्राहक आहेत. त्यांची नाणी पुठ्ठ्याच्या चौकटीत, पारदर्शक खिडकीमागे राहतात. हात लावायचा तर कडेला धरून. त्यांना मी या माळेचं वर्णन ऐकवलं. भोक आहे म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. ‘मग काही नाही. चांदीच्या भावाने जाईल,’ ते म्हणाले, आणि मला चहा दिला. त्यांचंही चूक नाही. त्यांच्या शास्त्रात नाणं जितकं कमी जगलेलं तितकं त्याचं मोल मोठं. टांकसाळीतून निघून कुणाच्याही घामाला न लागता खिडकीमागे गेलेलं नाणं सर्वांत थोर. आजीची नाणी फारच जगलेली होती. त्यांना कुठल्याही चौकटीत जागा मिळाली नसती, आणि न्यू जर्सीतल्या यंत्राने तर एकजात सगळी खाली टाकली असती. पुतण्याचं मात्र भाग्य उजळलं असतं.

नातू आता मोठा झाला आहे. मोगऱ्याची रोपं लावली आहेत, पहाटे कळ्या खुडून गाडीवर घालतो, आणि हातात मोबाईल आला आहे. मोबाईलमध्ये एक माणूस ओरडून सांगतो, की तुमच्याकडे वैष्णोदेवीचं चित्र असलेलं पाच किंवा दहा रुपयांचं नाणं असेल तर तुम्ही लखपती आहात. ते नाणं सरकारने २०१२ साली काढलं आणि ते आजही बाजारात चालतं, म्हणजे पाचाचं पाचाला आणि दहाचं दहाला. कुणी घेतलंच, तर. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये लोकांना बजावलं, की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीसाठी आमच्या नावाने कुणी पैसे मागितले तर देऊ नका, तो आमचा धंदा नव्हे. पण बँकेचं पत्रक कुजबुजतं आणि मोबाईलमधला माणूस ओरडतो. मी गेलो तेव्हा नातू आजीपुढे उकिडवा बसून माळेचे फोटो काढत होता. एका हाताने तिची हनुवटी वर करून, दुसऱ्या हाताने मोबाईल धरून. आजी फोटोसाठी बसावं तशी गंभीर झाली होती.

‘आजी, ह्या राणीचे लाख मिळतात.’

‘कोण देतो?’

‘आहे एक जण. मोबाईलवर बोलतो. आधी हजार रुपये भरायचे, मग तो लाख पाठवतो.’

आजीने माळ पदराखाली सारली. माझ्याकडे बघितलं, मी काही बोलतो का ते. मी रिझर्व्ह बँकेचं पत्रक आठवत होतो आणि करवंदवालीही आठवत होती, म्हणून गप्प राहिलो.

‘त्याला म्हणावं, बाजाराला ये,’ ती नातवाला म्हणाली. ‘मी तिथंच बसते वडाखाली. आणि येताना सुट्टे घेऊन ये म्हणावं.’